माणिक मिस्त्रींचं वेल्डिंग कच्चं नव्हतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा हा विषय बाजूला ठेवते—जसं काही त्याला माहीतच नाही. मग तुम्हाला का सांगतेय? खरं सांगू, मी थकलेय. एखादी गोष्ट अकरा वर्षं पोटात दाबून ठेवायची तर त्यालाही अंगात बळ लागतं. ते आता संपत आलंय, एवढंच.

सुरुवात कुठून करावी कळत नाही. चुकीपासून करावी तर फार सोपं होईल. चूक कुणाची होत नाही? तुम्ही म्हणाल, जाऊ द्या हो, नवीन होतात, वय लहान होतं. त्याचीच भीती वाटते मला—मी चूक सांगेन, तुम्ही माफ करून मोकळे व्हाल, आणि खरी गोष्ट सांगायची राहूनच जाईल. खरी गोष्ट चुकीच्या पुढची आहे. पण वाट चुकीवरूनच जाते, त्याला इलाज नाही.

मी आता नांदेडला एका कॉलेजात इंजिनिअरिंग शिकवते. त्याआधी लातूरला नोकरीला होते. माहेर माझं कंधार तालुक्यातलं, शेतीवाडीचं घर. शिकून नोकरीला लागलेली घरातली पहिली मुलगी मी. लातूरचं ऑफिस म्हणजे मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावरच्या दोन खोल्या, चार टेबलं, आणि आम्ही ज्यांना नुसतं 'सर' म्हणायचो ते मालक. आजूबाजूच्या डाळ मिलांना, गोदामांना लोखंडी सांगाडे लागत. ते किती जाडीचे हवेत, कुठं कसे जोडायचे, वजन पेलतील का, हे कॉम्प्युटरवर तपासून नकाशे काढून द्यायचे, हे आमचं काम. तपासणी माझ्याकडं. सर आल्यागेल्याला सांगत, "आमची ही पोरगी मशीनवर बसली की लोखंड बोलायला लागतं." मला ते आवडायचं. लई आवडायचं.

एका डाळ मिलचं काम आलं. त्यांना आतल्या बाजूला दहा-बारा फूट उंचीवर एक प्लॅटफॉर्म हवा होता. त्यावर मोठी चाळणी बसणार होती—दिवसभर थरथरत डाळ चाळणारी. बाहेरच्या अंगाला दोन लोखंडी खांब उभे करायचे. आतल्या अंगाला मिलचाच जुना काँक्रीटचा खांब होता, त्याला जाड लोखंडी आधार म्हणजे ब्रॅकेट बोल्टांनी आवळायचे, आणि प्लॅटफॉर्मचे आडवे बीम त्या ब्रॅकेटला वेल्ड करायचे. एवढंच काम. दोन दिवसांचं.

आता इथं थोडं थांबून समजावून सांगावं लागेल. असा सांगाडा तपासायचा तर कॉम्प्युटरवर त्याचे बारीक तुकडे पाडून एक जाळी विणतात. तुकड्यांचे प्रकार असतात. बीम लांब आणि सडपातळ, त्याला नुसत्या रेघेसारखे तुकडे पुरतात. ब्रॅकेट जाड, त्याला विटांसारखे तुकडे लागतात. यातली मेख अशी, की रेघेच्या टोकाला दोन गोष्टी कळतात, सरकणं आणि वळणं. विटेच्या कोपऱ्याला फक्त सरकणं कळतं. वळणं म्हणजे काय ते त्याला ठाऊकच नसतं. मग रेघेचं टोक विटेच्या एका कोपऱ्याला नुसतं नेऊन चिकटवलं तर? सरकताना दोघं बरोबर सरकतात. पण बीम वाकायला लागला, त्याचं टोक वळायला लागलं, की वीट अंग काढून घेते. बीम तिथं दाराच्या बिजागरीवर फिरावा तसा फिरतो. पडद्यावर तुम्हाला जोड दिसतो, पण आत जोड नसतो, बिजागरी असते. आणि मशीन 'चूक झाली' असं म्हणत नाही. रंगीत चित्र काढून देतं.

मी तेच केलं. रेघ आणली आणि विटेच्या कोपऱ्याला चिकटवली.

चित्र आलं. ब्रॅकेट सगळा निळा. निळा म्हणजे ताण नाही, निवांत. मला वाटलं, किती छान जमलंय. मनात एवढंही आलं नाही, की ज्याच्यावर अर्धा प्लॅटफॉर्म टेकलाय तो इतका निवांत कसा? नाही आलं. ही झाली चूक. इथवर मी स्वतःला माफ केलं असतं, असं वाटतं. खरंच.

नकाशे गेले. काम घेतलं होतं माणिक मिस्त्रींनी. ते औशाचे, तेव्हा पंचेचाळिशीचे असतील. बारीक अंग, डोळ्यांखालची कातडी वेल्डिंगच्या उजेडानं काळवंडलेली. अख्ख्या लातूर एमआयडीसीत त्यांच्या हाताला नाव होतं. लोक म्हणत, माणिक मिस्त्रींनी जोडलेलं तोडायला माणिक मिस्त्रीच लागतात. सरांनी मला एकदा पाहणीला पाठवलं, तेव्हा ते वर चढून बीम ब्रॅकेटला टेकवून बघत होते. मला पाहून खाली उतरले, गळ्यातल्या टॉवेलनं तोंड पुसलं आणि जरा संकोचानंच म्हणाले,

"ताई, एक बोलू का? हितं खालून तिकोनी पट्टी टाकावी म्हणतो. चाळणी दिसभर हालणार. समदा ताण ह्याच कोपऱ्यात येऊन बसंल."

मी म्हणाले, "मिस्त्री, ते तपासलंय आम्ही. तिथं काहीच ताण येत नाही. नकाशात आहे तसंच करा."

त्यांनी एकदा वर पाहिलं. मग म्हणाले, "बरं. तुमी बघितलंय म्हणल्यावर काय."

टोमणा नव्हता हो तो. असता तर बरं झालं असतं. त्यांना खरंच वाटलं, शिकलेल्या माणसानं बघितलंय.

तीन-चार आठवडे गेले. प्लॅटफॉर्म उभा राहिला, चाळणी सुरू झाली, सरांच्या टेबलावर मिलवाल्यांनी पेढे आणून ठेवले. मी दुसऱ्या कामाला लागले होते. एका दुकानाच्या पाटीसाठी भिंतीतून बाहेर येणारा लोखंडी हात होता. त्याला दुसरीकडून कसलाच आधार नव्हता. मी सवयीनं तसंच जोडलं, रेघ विटेला. आणि मशीननं पहिल्यांदा नकार दिला. सांगाडा उभाच राहत नाही म्हणालं. मी दोनदा चालवून बघितलं, तीनदा. मग माहितीपुस्तिका काढून वाचत बसले, आणि विटेला वळणं कळत नाही हे तिथं लिहिलेलं सापडलं. पाटीच्या हाताला दुसरा आधार नव्हता, म्हणून बिजागरी उघडी पडली. डाळ मिलच्या बीमला दुसऱ्या टोकाला खांब होते. म्हणून तिथं ती गुपचूप झाकून राहिली.

मी जुनी फाइल उघडली. या वेळी नीट केलं. बीमच्या टोकापासून ब्रॅकेटच्या अख्ख्या तोंडावर कोळ्याच्या पायांसारखे ताठ हात पसरवले, म्हणजे टोक वळलं की ते तोंडही त्याच्याबरोबर वळेल. पुन्हा चालवलं. कोपरा लाल झाला. माणिक मिस्त्रींनी बोट दाखवलेला तोच कोपरा. लगेच पडेल असा लाल नाही, पण रोज थरथरणाऱ्या ओझ्याखाली हळूहळू तडा जाईल, इतका नक्की.

ऑफिसात तेव्हा सर होते. चार पावलांवर. फोनवर कुणाशी तरी हसून बोलत होते. मी उठायचं होतं आणि सांगायचं होतं—सर, माझी चूक झालीय, तिथं पट्टी टाकून घ्या. अर्ध्या दिवसाचं काम. चाळणी थांबवायची, चार तिकोनी पट्ट्या, झालं.

मी फाइलला दुसरं नाव दिलं, साठवली आणि बंद केली.

का? हे मी स्वतःला किती वेळा विचारलंय. सर रागावतील म्हणून? ते रागावणारे नव्हते. नोकरी जाईल, घरी परत बोलावतील, स्थळं बघतील म्हणून? ते होतं मनात, पण त्याच्यामागं दडायचा मला अधिकार नाही. खरं कारण फार लहान आहे. 'लोखंड बोलायला लागतं' म्हणायचे ना ते—ते म्हणणं थांबेल, एवढंच. एवढ्यासाठी.

उद्या सांगू, मी मनाशी म्हणाले. मग सोमवारी. मग वाटलं, आता इतके दिवस का नाही सांगितलं म्हणतील. दिवस जातील तशी चूक जुनी होते असं वाटतं आपल्याला, पण ती तर नुसती वाढत जाते.

मधे एकदा मी मिलमध्ये जाऊन आले. सहज आलेय म्हणून तिथं सांगितलं. प्लॅटफॉर्मखाली उभी राहून वर कोपऱ्याकडं बघत होते. धूळ, डाळीचा पांढरट भुरका, काही दिसलं नाही. वर चाळणी चालू होती आणि पायाखालची फरशीसुद्धा थरथरत होती. तेवढ्यात मागून आवाज आला, "बाई, जरा बाजूला व्हा की. डाळ हाय खाली." शेवंताबाई होत्या त्या. सांडलेली डाळ झाडून गोळा करायचं काम त्यांच्याकडं होतं, रोज त्याच जागी. मी बाजूला झाले. त्यांनी मी उभी होते तिथं झाडलं. मी त्यांच्याकडं बघून हसले, आणि निघून आले.

हेही लिहून झालं. अजून मूळ गोष्ट आलेली नाही, बघा. मी अजूनही घोटाळतेच आहे.

प्लॅटफॉर्म बसल्याला पाचवा महिना चालू होता. दुपारी जेवणाचे डबे उघडले होते आणि फोन आला. आतलं टोक तुटून खाली आलं होतं. बाहेरच्या खांबांनी धरून ठेवलं म्हणून सगळं कोसळलं नाही, पण चाळणी घसरून खाली आली. इतर बायका जेवायला बाहेर गेल्या होत्या. शेवंताबाई तेवढं झाडून येते म्हणून मागं राहिल्या होत्या. त्यांचा डावा पाय सापडला. दवाखान्यात गुडघ्याखाली कापावा लागला.

सर मला घेऊन मिलवर गेले. माणिक मिस्त्रींना आधीच बोलावून आणलं होतं. ते तुटलेल्या बीमच्या टोकापाशी उकिडवे बसले होते आणि अंगठ्यानं ती कड चाचपत होते. मीही बघितली. मला ती वाचता येत होती, हे लक्षात घ्या. तुटलेल्या तोंडाचा अर्ध्याहून जास्त भाग काळपट, गंजलेला होता, आणि थोडाच भाग नवा, चकाकता. म्हणजे ते त्या दुपारी तुटलं नव्हतं. कितीतरी आठवडे रोज कणाकणानं तुटत आलं होतं. आणि तुटलं होतं ते वेल्डमधून नाही, वेल्डच्या कडेला, बीमच्या लोखंडात. वेल्ड अजून ब्रॅकेटला तसंच चिकटून होतं. सरळ, एकसारखं, माशाच्या खवल्यांसारखं सुंदर.

मिलमालकांनी सरांना विचारलं, कसं काय झालं. सरांनी माझ्याकडं वळून विचारलं, "आपलं डिझाइन बरोबर होतं ना?"

मी म्हणाले, "हो सर. तिथं ताणच नव्हता."

"मग वेल्डिंग कच्चं राहिलंय," सर म्हणाले. एवढ्या माणसांत कुणी वाकून त्या कडेकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी मीच सांगायला हवं होतं. ऑफिसात परत येऊन सरांनी मागितली म्हणून मी पहिली फाइल काढली, निळं चित्र छापलं, आणि ते मिलवाल्यांकडं गेलं. दुसरी फाइल, लाल कोपऱ्याची, मी त्याच संध्याकाळी पुसून टाकली. ऑफिसात दिवे लागले होते, सगळे होते, चहा आला होता. कुणाच्या लक्षातही आलं नाही. एक बटण दाबायचं असतं. 'नक्की पुसायची का?' असं मशीन विचारतं. मी 'हो' म्हटलं.

माणिक मिस्त्रींना काम मिळणं बंद झालं. कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी पोलिसांत ओढलं नाही. फक्त 'ते प्लॅटफॉर्मवाले मिस्त्री' अशी ओळख पडली आणि लोक दुसऱ्यांना बोलवायला लागले. हे मला ऑफिसातच कळत होतं. नव्या कामाला मिस्त्री कोण घ्यायचा ही बोलणी माझ्या टेबलापाशीच व्हायची. मी मान खाली घालून जाळी विणत राहायचे.

आता सांगते.

साधारण महिन्यानं एका सकाळी ते ऑफिसात आले. सर बाहेरगावी होते, बाकीचे साइटवर. मी एकटीच. चपला त्यांनी जिन्यातच काढल्या होत्या. बसा म्हटलं तर बसले नाहीत, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं, झालं. यांना कळलंय. यांनी ती कड वाचलीय, आता विचारणार. आणि सांगू का, त्या क्षणी मला हलकं वाटलं. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मला वाटतं. वाटण्याला काय.

त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"ताई, भांडायला आलो न्हाई मी. तुमी शिकलेल्या हाव, म्हणून इचारतो. माझं काय चुकलं?"

 ते बोलत राहिले. खिडकीकडं बघत, थांबत थांबत. रोज तोच इचार करायलोय म्हणाले. झोपेत हात हालतोय म्हणती बायको, वेल्डिंग करायल्यागत. "त्या दिशी अंगात कणकण हुती, ताई. सुट्टी घ्यायची तर घेतली न्हाई. तवाच हात हालला आसंल. मी पट्टी टाकू म्हणलो बघा तुमास्नी—ते का म्हणलो? माझाच माझ्या हातावर भरवसा नसंल. आतून कळत आसतं माणसाला."

समजलं का तुम्हाला काय झालं होतं ते? त्या माणसानं जे बरोबर ओळखलं होतं, ज्याच्यासाठी त्याच्या हाताची पूजा करायला हवी होती, तेच आता तो स्वतःच्या दोषाचा पुरावा म्हणून माझ्यापुढं ठेवत होता. आणि बघत होता माझ्याकडं. मी नाही म्हणावं म्हणून की हो म्हणावं म्हणून, ते मला तेव्हा कळलं नाही. आज वाटतं, त्याला फक्त खरं काय ते हवं होतं. काहीही असो, पण खरं.

मी म्हणाले, "असेल, मिस्त्री. ताप असला की हात हलतो. आत पोकळ राहिलं असेल."

आणि वर म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. कुणाचाही हात चुकतो."

हे ते. बिजागरी नाही, पुसलेली फाइल नाही, मिलमधलं 'हो सर'सुद्धा नाही. ते भीतीनं झालं, घाईत झालं, चार लोकांत झालं. हे मात्र शांतपणे झालं. समोर एकच माणूस होता, अनवाणी, मला काही धोका नव्हता. मी गप्प राहू शकले असते. नुसतं 'माहीत नाही' म्हणू शकले असते. मी माझ्या तोंडानं, गोड आवाजात, त्याचा हात त्याच्यापासून काढून घेतला.

ते म्हणाले, "हाव. तसंच आसंल." मग त्यांनी मोठा श्वास सोडला, दोन्ही हात जोडले, आणि जिना उतरून गेले. त्या दिवसानंतर त्यांनी वेल्डिंगचा होल्डर हातात धरला नाही. यंत्र विकून टाकलं, असं ऐकलं.

वर्षभरानं मी नांदेडला आले, कॉलेजात लागले. दर वर्षी एका आठवड्यात मला हाच भाग शिकवावा लागतो—रेघेचे तुकडे आणि विटेचे तुकडे एकमेकांना कसे जोडायचे. मी फळ्यावर आकृती काढते, वळणं कुठं हरवतं ते दाखवते. मुलं म्हणतात, मॅडम हे लई चांगलं शिकवतात, एकदा ऐकलं की विसरत नाही. एकानं विचारलं होतं, तुम्हाला हे कसं सापडलं? मी म्हणाले, वाचून.

शेवंताबाईंना बघायला मी कधी गेले नाही. दवाखान्यावरून दोनदा गेले होते, आत गेले नाही.

गेल्या हिवाळ्यात प्रॅक्टिकल परीक्षेसाठी म्हणून मला औशाला जावं लागलं. नको होतं, पण आदेश होता. काम आटोपून बसस्टँडकडं चालत निघाले होते. वाटेत बी-बियाणांचं एक गोदाम लागलं. त्याच्या फाटकाशी खुर्ची टाकून माणिक मिस्त्री बसले होते. राखणदाराचा खाकी शर्ट. केस सगळे पांढरे. मी ओळखलं आणि पुढं निघाले—हो, निघालेच होते. त्यांनीच हाक मारली.

"ताई! वळखलं का न्हाई?"

मग त्यांनी सोडलंच नाही. आतून दुसरी खुर्ची आणली, टॉवेलनं झटकली, समोरच्या टपरीवरून चहा सांगितला. शेजारच्या हमालांना हाका मारून बोलावलं आणि सांगितलं, ह्या ताई लातूरच्या हापिसात हुत्या, लई मोठं शिकल्यात. "समद्यांनी तोंड फिरीवलं तवा ह्या एकट्या माझ्याशी नीट बोलल्या. कुणाचाबी हात चुकतो म्हणल्या. तेवढ्यावर मी उठून उभा ऱ्हायलो बघा." हमाल माझ्याकडं आदरानं बघत होते.

मी शेवंताबाईंचं विचारलं. का विचारलं ते माहीत नाही. म्हणाले, बऱ्या हायती, नातवंडं झाली. दर दिवाळीला जाऊन येतो. माफी मागतो. "त्या म्हणत्यात, मिस्त्री, आता किती येळा मागताव? पर मला जाऊन आल्याबिगर फराळ गोड लागत न्हाई."

अकरा दिवाळ्या. तो माणूस दर दिवाळीला तिच्या दारात जाऊन मी मागायची माफी मागून येतो.

चहा आला. गूळ घातलेला, भरपूर आलं होतं त्यात. मी तो प्यायले. शेवटच्या घोटापर्यंत. सांगायला किती वेळ लागला असता? अर्धा मिनिट. हमाल निघून गेले होते, आम्ही दोघंच होतो, त्यांचे हात गुडघ्यांवर पालथे पडले होते आणि मी त्या हातांकडं बघत होते.

तेवढ्यात सोलापूरहून नांदेडला जाणारी गाडी स्टँडात शिरताना दिसली. बाजारचा दिवस, गर्दी ही अशी. मी उठले. ते माझ्या आधी धावले—साठीला टेकलेला माणूस—गर्दीत घुसले आणि गळ्यातला टॉवेल खिडकीतून आत टाकून त्यांनी माझ्यासाठी जागा धरली. खिडकीची, पुढं, जिथं दचके कमी बसतात. मी चढून आत गेले, टॉवेल उचलून त्यांना खिडकीतून परत दिला. ते म्हणाले, "सावकाश जावा, ताई."

मी मान हलवली. लातूरला गाडी निम्मी रिकामी झाली, मागं जागा मोकळ्या झाल्या. मी नांदेडपर्यंत त्यांनी धरलेल्या त्याच जागेवर बसून आले.